मासे पहाटे का मरतात? बडोद्याच्या तलावांची तब्येत वर्षभर कशी तपासायची

तलावात मेलेले मासे तरंगायला लागले की आपल्याकडे पहिला संशय विषाचा येतो. कोणीतरी काहीतरी टाकलं, असं लगेच बोललं जातं. कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा कारण वेगळंच निघतं: पहाटे पहाटे पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. आदल्या दिवशी दुपारी चार वाजता त्याच तलावाच्या पाण्याची बाटली भरून कोणी प्रयोगशाळेत दिली असती, तर अहवाल उत्तम आला असता. म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे. तलाव तपासायचा तो पहाटे, आणि वरच्या थराबरोबर तळाशीही. दुपारी काठावर वाकून भरलेली बाटली तलावाबद्दल फारच थोडं सांगते.

हे काम करायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. तलावाभोवती रोज फेरी मारणारी चार-पाच माणसं, एखादे विज्ञानाचे शिक्षक, गणेश मंडळातली दोन तरुण मुलं, एवढ्यावर एक तलाव वर्षभर नीट सांभाळता येतो. महिन्यातून एक पहाट आणि त्याच दिवसाची दुपार द्यायची तयारी मात्र हवी.

आधी तलावाची कुंडली मांडा

मोजमापाला हात घालण्यापूर्वी आपला तलाव कुठल्या जातकुळीतला आहे ते समजून घ्या. बडोद्यात आणि आसपास तीन तऱ्हेचे तलाव दिसतात आणि तिघांची दुखणी निराळी असतात.

पहिली तऱ्हा सूरसागरसारखी. चारही बाजूंनी बांधीव भिंती, मध्यावर शंकराची उभी मूर्ती, भोवती भर वस्ती. अशा तलावाला उथळ काठ नसतो, त्यामुळे काठचं गवत नसतं आणि लहान माशांना लपायला जागा उरत नाही. पाणी येतं ते पावसाचं आणि जे काही वाहून येईल ते. मला स्वतःला तलावांच्या 'सुशोभीकरणा'तली ही गोष्ट फार खटकते. काठ पूर्ण बांधून काढला की फिरायला वाट चांगली होते, पण तलावाचा सगळ्यात जिवंत पट्टा जातो. निदान एका बाजूचा उतार मातीचा राहू द्यावा, अशी मागणी काम सुरू होण्याआधीच करायला हवी, नंतर तिचा उपयोग नसतो.

दुसरी तऱ्हा आजव्याची. सयाजीराव महाराजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी हा जलाशय बांधला गेला. मातीचा लांबलचक बांध आणि ६२ दरवाजे. निमेटाला पाणी गाळून आजही ते शहरात येतं. विश्वामित्रीच्या पुराची धास्ती घेतलेल्या प्रत्येक घरात पावसाळ्यात 'आजवा किती फुटांवर?' हे रोज विचारलं जातं. हा आकडा माशांसाठीही तितकाच महत्त्वाचा आहे. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर गवत उगवतं. पुढच्या पावसात ते बुडतं, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि पिल्लांना खाद्य मिळतं. पण पातळी फारच खाली गेली तर उरलेल्या उथळ, तापलेल्या पाण्यात सगळी मासळी एकवटते. त्यामुळे तुमच्या वहीत प्रत्येक मोजमापाशेजारी त्या दिवशीची पाणीपातळी आलीच पाहिजे. तिच्याशिवाय बाकीचे आकडे लंगडे राहतात.

तिसरी तऱ्हा डभोईजवळच्या वढवाण्याची. ओरसंग नदीचं पाणी आणून भरला जाणारा हा सिंचनाचा जलाशय उथळ आहे आणि पाणवनस्पतींनी भरलेला. २०२१ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात इथे पट्टकादंब हंस आणि हजारो बदकं उतरतात. अशा ठिकाणी मोजमाप करताना पक्ष्यांना उठवायचं नाही, हा पहिला नियम.

आपला तलाव कुठला ते ठरलं की कागदावर हाताने नकाशा काढा. पाणी आत कुठून येतं, बाहेर कुठून जातं, कुठली कांस (पावसाच्या पाण्याचा नाला) त्याला मिळते, धोबीघाट कुठे, गुरं कुठे उतरतात, पावसाळ्यात कोणत्या गटाराचं झाकण उडतं. ही माहिती काठावरच्या टपरीवाल्याला आणि मासेमारीचा इजारा घेणाऱ्याला तोंडपाठ असते. त्यांच्याकडे तासभर बसा. मग दोरीला वजन बांधून दहा-बारा ठिकाणची खोली घ्या आणि सगळ्यात खोल जागेवर खूण करा, कारण तलावाचं दुखणं आधी तिथेच सुरू होतं.

मगर, परवानगी आणि बांबू

बडोद्यात हे वेगळं सांगावं लागतं. विश्वामित्रीत मगरी आहेत, आजव्यात आहेत आणि पावसाळ्यात त्या आसपासच्या तळ्यांत, सोसायट्यांच्या आवारातसुद्धा येतात. मार्च ते जून हा त्यांचा अंडी आणि पिल्लांचा काळ. तेव्हा मादी काठाजवळ कोणालाही खपवून घेत नाही. म्हणून पाण्यात पाय घालायचा नाही, उकिडवं बसून हाताने बाटली बुडवायची नाही. अडीच-तीन मीटर लांबीच्या बांबूच्या टोकाला बाटली बांधा आणि काठापासून दोन पावलं मागे उभे राहून नमुना घ्या. अंधारात एकट्याने जाऊ नका, दोन चांगल्या बॅटऱ्या असू द्या. मगर दिसली तर त्या दिवशी ती जागा सोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पूर्ण संरक्षण आहे, तिला हुसकावणं आपलं काम नव्हे.

शहरातल्या तलावासाठी महानगर सेवासदनाला, म्हणजे महापालिकेला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. आजवा पिण्याच्या पाण्याचा आहे, तिथे परवानगीशिवाय काहीच करायचं नाही. होडी लागणार असेल तर लाइफ जॅकेट घालूनच चढायचं.

नमुन्याच्या जागा तीन पुरे: जिथून पाणी येतं तिथली एक, सगळ्यात खोल जागा आणि बाहेर पडण्याच्या तोंडाजवळची एक. त्या वर्षभर बदलायच्या नाहीत.

वेळ: सूर्योदयाच्या आधी आणि दुपारी तीनला

दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं. रात्री तेच शेवाळ, मासे, किडे आणि तळाचा गाळ सगळे मिळून तो संपवतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू दुपारी शिगेला असतो आणि सूर्योदयाच्या सुमाराला सगळ्यात कमी. एकाच दिवसाची ही दोन टोकं मोजली की तलावाचा स्वभाव कळतो.

पाणी जेवढं गरम तेवढा त्यात प्राणवायू कमी मावतो. हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे साडेसात आणि ३५ अंशांना ७ च्या जरा खाली. वैशाखात बडोद्याचं उथळ पाणी तापलं की मुळातच माशांच्या वाट्याला कमी येतं, आणि गरम पाण्यात त्यांची गरज उलट वाढते.

आता आकड्यांची जोडी कशी वाचायची ते पाहा. पहाटे ५.५ आणि दुपारी ८ आले तर तलाव ठीक आहे. पहाटे ३.५ आणि दुपारी १० आले तर शेवाळ वाढतंय, लक्ष ठेवा. पहाटे दीड आणि दुपारी १४ आले तर दुपारचा आकडा बघून खूश होऊ नका. पाण्यात हिरवळ एवढी दाटली आहे की एक ढगाळ दिवस आला तरी तलाव कोलमडेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यपालन आणि वन्यजीवांसाठीच्या 'ड' वर्गाला किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू, पीएच (पाणी आम्लाकडे झुकतं की अल्कलीकडे ते सांगणारा आकडा) साडेसहा ते साडेआठ आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपर्यंत अशी मर्यादा आहे. तुमचा पहाटेचा आकडा या ४ शी ताडून बघा. कटला, रोहू यांना ५ च्या वर चांगलं मानवतं, ३ च्या खाली ते हैराण होतात आणि १ च्या आसपास मरायला लागतात.

रात्री मोजून पहाटेचा अंदाजही बांधता येतो. मत्स्यशेती करणारे वापरतात तीच रीत. रात्री आठला एकदा प्राणवायू मोजायचा, अकराला पुन्हा. समजा आठला ७ होता आणि अकराला साडेपाच झाला. तीन तासांत दीड, म्हणजे ताशी अर्धा. अकरापासून सकाळी सहापर्यंत सात तास, त्यात साडेतीन जाणार. पहाटे उरणार २. म्हणजे पाण्याला हवा देणारा पंप आताच लावायचा, उजाडायची वाट बघायची नाही.

प्राणवायू मोजायची बाटली

डीओ मीटर (पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तम, पण तो महाग पडतो आणि वेळोवेळी नीट जुळवून घ्यावा लागतो. लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये दिलेली बाटलीची पद्धत आजही तेवढीच भरवशाची आहे आणि कॉलेजच्या कुठल्याही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिचं सामान असतं. पहिल्या काही वेळा तिथल्या शिक्षकांना सोबत घ्या. यातली रसायनं खेळण्यातली नाहीत. अल्कली आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल कातडी जाळतात, अझाइड विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा लावल्याशिवाय झाकण उघडायचं नाही आणि उरलेलं रसायन तलावात कधीच ओतायचं नाही.

पहिली अडचण नमुन्याची. बाटली भरताना बुडबुडे आले तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडा खोटा वाढतो. त्यासाठी जड केलेल्या दोन लिटरच्या बरणीत ३०० मिलिलिटरची काचेची बाटली उभी ठेवा. बरणीच्या झाकणातून एक नळी थेट बाटलीच्या तळापर्यंत सोडा आणि हवा बाहेर जायला दुसरी आखूड नळी ठेवा. हे सगळं दोरीने हव्या त्या खोलीपर्यंत सोडलं की पाणी आधी बाटलीत तळापासून भरतं, मग ओसंडून बरणीत जातं. बरणी भरेपर्यंत बाटलीतलं पाणी चार-पाचदा बदललेलं असतं आणि शेवटी उरतं ते हवेचा स्पर्श न झालेलं पाणी. नळ्या आत सोडताना वर बोटाने किंवा चिमट्याने बंद ठेवा आणि खोलीवर पोहोचल्यावर मोकळ्या करा.

बाटली वर आली की लगेच, तिथेच काठावर, मापाच्या नळीचं (पिपेटचं) टोक पाण्यात बुडवून आधी मँगनीज सल्फेटचं द्रावण १ मिलिलिटर आणि मग अल्कली-आयोडाइड-अझाइडचं १ मिलिलिटर घाला. बूच लावा, बुडबुडा अडकू देऊ नका, बाटली काही वेळा उलटीसुलटी करा. इथे मला नेहमी थांबून बघावंसं वाटतं. पाण्यात प्राणवायू भरपूर असेल तर तपकिरी गाळ ढगासारखा पसरतो आणि हळूहळू खाली बसतो. कमी असेल तर रंग फिका, बिस्किटी येतो. आणि गाळ जर दुधासारखा पांढराच राहिला, तर पाण्यात प्राणवायू जवळपास नाहीच. पुढचं गणित करण्याआधीच उत्तर समोर आलेलं असतं. खोल जागेच्या तळाचा नमुना उन्हाळ्यात असा पांढरा निघाला की गटातल्या कोणालाच वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गाळ बसला की १ मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल घालून विरघळवा. सोनेरी पिवळं पाणी होतं. या अवस्थेत बाटली अंधारात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत नेता येते. तिथे २०१ मिलिलिटर नमुना घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचं. पिवळा रंग फिका पडला की स्टार्च घालायचं, पाणी निळं होतं. ज्या थेंबाला निळेपणा जातो तिथे थांबायचं. जेवढे मिलिलिटर लागले, तेवढे मिलिग्रॅम प्राणवायू एका लिटरमध्ये. गुणाकार-भागाकार काही नाही.

पांढरी-काळी चकती

हे साधन घरी होतं आणि मुलांना फार आवडतं. इटलीतले अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पाण्याची पारदर्शकता मोजायला चकती वापरली, तेव्हापासून ती जगभर चालते. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्या, चार भाग करून समोरासमोरचे दोन पांढरे आणि दोन काळे रंगवा, खाली वजन लावा. दोरी ताणली जाणारी नको, तिच्यावर दर १० सेंटिमीटरला खूण करा. सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान सावलीच्या बाजूने सोडायची. दिसेनाशी झाली तो आकडा आणि वर ओढताना पुन्हा दिसली तो आकडा, दोन्हींची सरासरी घ्या.

मोठ्या जलाशयात दीड-दोन मीटर चकती दिसली तर पाणी बरंच स्वच्छ. हिरव्या पाण्याच्या गावतळ्यात ३० ते ४५ सेंटिमीटर असेल तर माशांना खाद्य भरपूर आणि धोका बेताचा. २० च्या खाली गेली आणि पाणी हिरवं असेल, तर पहाटेच्या फेऱ्या वाढवा. पाणी मातकट असेल तर अर्थ वेगळा, ते गाळाचं असू शकतं. म्हणून आकड्याबरोबर रंगही लिहा.

रंगावरून आणखी एक. पाण्यावर हिरव्या ऑइल पेंटसारखी साय दिसली, वाऱ्याने एका कोपऱ्यात जमा होत असली आणि उग्र वास येत असेल, तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. त्यातल्या काही जाती विष सोडतात. तिथे गुरांना पाणी पाजू देऊ नका, कुत्र्यांना उतरू देऊ नका. आणि ते घालवायला मोरचूद टाकायचा सल्ला कोणी दिला तर नको म्हणा. एवढं शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतं आणि विषही एकदम पाण्यात सुटतं. जलपर्णीचंही तसंच. ती औषध फवारून पाण्यातच मारण्यापेक्षा काढून काठापासून लांब न्यायची, फुलं येण्याआधी. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं.

पीएच आणि अमोनिया एकत्रच वाचा

पीएचची पट्टी आणि अमोनियाचा संच मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो, सुरुवातीला तेवढा पुरतो. पण हे दोन आकडे वेगवेगळे वाचले तर फसगत होते.

सांडपाण्यातून, माशांच्या विष्ठेतून, कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया येतो. संच दाखवतो तो एकूण अमोनिया. त्यातला मुक्त भाग माशांच्या कल्ल्यांना जाळतो आणि तो किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूणाच्या १ टक्क्याहून कमी भाग मुक्त असतो. पीएच ८ ला सात-आठ टक्के. पीएच ९ ला जवळजवळ ४५ टक्के. म्हणजे एकूण अमोनिया सकाळ-दुपार तेवढाच असला, तरी सकाळी निरुपद्रवी असलेलं पाणी दुपारी घातक होऊ शकतं. कारण दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि पीएच चढतो. म्हणून प्राणवायूला पहाट महत्त्वाची, तशी अमोनियाला दुपार.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. मासे मरायला लागले की हौसेने चुना टाकणारे लोक असतात. चुन्याने पीएच वर जातो. पाण्यात अमोनिया असेल तर तोच चुना उरलेले मासेही मारतो. मोजल्याशिवाय तलावात काहीही टाकू नका.

मासे काय सांगतात

कटला वरच्या थरात राहतो आणि पाण्यातले सूक्ष्म प्राणी खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी कुजलेल्या गोष्टींवर. तिघं एकत्र सोडले तर तलावाचा प्रत्येक मजला वापरला जातो. पण लक्षात घ्या, हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. शहरातल्या तलावात कोणीतरी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणून सोडलेली असतात. जलाशयात सोडायची तर १० सेंटिमीटरपेक्षा मोठी सोडा, त्याहून लहान मोठ्या माशांच्या पोटात जातात.

मरळ आणि मांगूर वर येऊन हवा घेऊ शकतात, त्यामुळे पाणी बिघडलं तरी ते टिकतात. तुमच्या तलावात कटला-रोहू कमी होत गेले आणि जाळ्यात फक्त मांगूर, तिलापिया येऊ लागले, तर कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी माशांनी अहवाल दिलेला आहे. इजारदाराकडून दर हंगामाला कुठली मासळी किती आली याची नोंद घ्या. त्याचाही त्यात फायदा आहे, तो सहसा नाही म्हणत नाही. पुण्यासाठी किंवा घरातला मत्स्यटँक रिकामा करायचा म्हणून परदेशी मासे तलावात सोडू नका, आणि आफ्रिकन मांगूर तर मुळीच नाही. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

हिवाळ्यात मरळ किंवा मृगळाच्या अंगावर लाल चट्टे, उघड्या जखमा दिसल्या तर तो बुरशीचा रोग असू शकतो. पाऊस संपल्यावर थंड होत जाणाऱ्या पाण्यात तो पसरतो. नमुना मत्स्यविभागाकडे द्या, मासे दुसऱ्या तलावात हलवू नका.

मासे मरायला लागले त्या पहाटे

वेळ फार कमी असतो, म्हणून क्रम आधीच ठरवून ठेवा.

पहिली गोष्ट, सूर्य वर येण्याआधी प्राणवायूचा नमुना. तासाभरात शेवाळ कामाला लागलं की पुरावा नाहीसा होतो. एक बाटली मासे मरताहेत तिथली, एक पाणी आत येतं तिथली, एक तळाची.

दुसरी, डोळ्यांनी बघा आणि लिहा. प्राणवायू कमी पडला असेल तर मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून घटाघटा हवा घेताना दिसतात, ताज्या पाण्याच्या तोंडाशी गर्दी करतात, सहसा मोठे आधी मरतात आणि मांगूर वाचतात. विष असेल तर वेळेचं बंधन नसतं, लहान-मोठे एकदम जातात, मासे वेडेवाकडे गरगर फिरतात, बेडूक आणि किडेही मरतात. पाण्याला सडक्या अंड्याचा वास असेल तर तळाचा गाळ ढवळून वर आला असं समजा. उन्हाळ्यात वरचं गरम पाणी हलकं होऊन तळाच्या पाण्यावर झाकणासारखं बसतं. खाली प्राणवायू संपतो, हायड्रोजन सल्फाइड साठतो. पहिला वादळी पाऊस आणि गार वारा आला की दोन्ही थर मिसळतात. जूनमधल्या त्या पहिल्या पावसानंतरची पहाट सगळ्यात धोक्याची, त्यात कांशीतली वर्षभराची घाणही त्याच पाण्यातून येते.

तिसरी, पाण्याला हवा द्या. कारंजी चालू करा, अग्निशमन दलाचा किंवा शेतीचा पंप मिळाला तर वरच्या थरातलं पाणी उचलून फवाऱ्याने पुन्हा तिथेच सोडा. पंपाचं तोंड तळात सोडू नका, घाण वर येईल. सगळा तलाव वाचवता येत नाही, पण एका कोपऱ्यात चांगलं पाणी झालं तरी मासे तिथे गोळा होतात.

चौथी, पिठाच्या गोळ्या, कुरमुरे, पाव टाकणं बंद करायला लोकांना हात जोडून सांगा. श्रद्धेने टाकणाऱ्याला रागावून उपयोग नाही. 'काकी, आज ते गुदमरताहेत, खाणार नाहीत, आणि हे कुजलं तर आणखी मरतील' एवढं सांगितलं की ऐकतात.

मेलेले मासे लगेच काढा, ते कुजताना प्राणवायूच खातात. लांब खड्डा करून पुरा, कोणी विकायला नेत नाही ना यावर लक्ष ठेवा. कल्ले अजून लाल असलेले दोन-तीन मासे ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवा, संशय विषाचा असेल तर तेच कामी येतील. मग सेवासदन, गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि मत्स्यविभाग, तिघांना लेखी कळवा. पत्रात वेळ, प्राणवायूचा आकडा आणि फोटो असतील तर त्याला वजन येतं.

विसर्जनाचा काळ

दशामाच्या मूर्ती श्रावणात, गणपती भाद्रपदात. ढगाळ हवा, उबदार पाणी, त्यात निर्माल्य. आपली मंडळं शाडूच्या मूर्तींकडे आणि नवलखीच्या कृत्रिम तलावाकडे वळली ही फार चांगली गोष्ट झाली. पण अजूनही छोट्या तळ्यांत विसर्जन होतं. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. प्राणवायू नसलेल्या गाळात त्यातल्या सल्फेटपासून तोच सडक्या अंड्याच्या वासाचा वायू बनतो. फुलं आणि दूर्वा कुजतानाही प्राणवायू जातोच. केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत विसर्जनाआधी, विसर्जनाच्या वेळी आणि नंतर असे तीनदा नमुने घ्यायला सांगितलं आहे. तुमच्या गटाने तेच करावं, पहाटेच्या वेळी. निर्माल्याचे पिंप पाण्यापासून लांब, रांगेच्या सुरुवातीलाच ठेवा. काठावर ठेवलेल्या पिंपापर्यंत पोहोचेपर्यंत लोकांनी हार पाण्यात सोडलेला असतो.

वही आणि मागण्या

एका मोजमापाला एक ओळ: तारीख, वेळ, जागा, खोली, पाणीपातळी, हवा, तापमान, चकती, रंग, प्राणवायू, पीएच, अमोनिया, काय दिसलं. शेवटचा रकाना मोठा ठेवा. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते ते), फॉस्फेट आणि कोलिफॉर्मसाठी (मैलापाणी मिसळल्याची खूण असलेले जिवाणू) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुने द्या. हे घरी होत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग आणि केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचं बडोद्यातलं केंद्र आपल्याच गावात आहे. वर्षाची वही घेऊन गेलात तर बोलायला काहीतरी ठोस असेल.

आणि वहीच्या जोरावर पहिली मागणी कारंज्यांच्या वेळेची करा. बहुतेक तलावांत कारंजी संध्याकाळी लोकांसाठी चालतात, तेव्हा पाण्यात प्राणवायू भरपूर असतो. ती रात्री दोनपासून सूर्योदयानंतर तासभरापर्यंत चालवायला सांगा, निदान एप्रिल ते सप्टेंबर आणि प्रत्येक ढगाळ दिवसानंतर. नवीन यंत्र लागत नाही, फक्त टायमर बदलायचा असतो. पत्राला पहाटेच्या आणि संध्याकाळच्या आकड्यांचे दोन रकाने जोडा. दुसरी मागणी मे महिन्यातली: तलावाला मिळणाऱ्या कांशीची सफाई पहिल्या पावसाआधी पूर्ण व्हावी आणि काढलेला गाळ काठावर न ठेवता त्याच दिवशी उचलला जावा.